राखणीची बंदूक घरात कशी ठेवाल? चिपळूण तालुक्यातल्या परवानाधारकांसाठी संपूर्ण माहिती

चिपळूण : भात पोटरीला आलं की रात्रीची राखण सुरू होते. दसपटीपासून कुंभार्लीच्या पायथ्यापर्यंत सह्याद्रीला लागून असलेल्या वाड्यांमध्ये रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खा कोपरा लोळवून जातो. नारळ-सुपारीच्या बागेत वानर-माकडांचा उपद्रव वेगळाच. काही ठिकाणी आता गवेही शेतात उतरतात. म्हणून तालुक्यातल्या काही घरांत आजही शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक आहे. कुठे वडिलांच्या, कुठे आजोबांच्या वेळेपासूनची ठासणीची बंदूक, तर कुठे बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी.

राखणीला जाताना माणूस सावध असतो. खरी गफलत होते ती परत आल्यावर. पहाटे तीन-चारला दमून घरी यायचं, भरलेली बंदूक पडवीतल्या खुंटीला टांगायची आणि झोपायचं. सकाळी माणूस कामाला जातो, बंदूक तिथेच राहते. घरातल्या पोराला ती रोज दिसते. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून आलेल्या भाच्या-पुतण्यांना तर तिचं जास्तच अप्रूप.

घरात बंदूक असेल तर ती कशी ठेवायची, कशी हाताळायची, कायदा काय सांगतो आणि अडचण आली तर कुणाकडे जायचं, याची माहिती एकत्र देत आहोत. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. भरलेली बंदूक घराचा उंबरठा ओलांडून आत येता कामा नये. बाकीचे नियम त्यानंतरचे.

परवाना कशाचा आहे, आधी ते बघा

बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार मिळतो. आपल्याकडे परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांना आहे. पोलिसांचा चौकशी अहवाल त्याआधी लागतो. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक देण्याची तरतूद या कायद्याच्या कलम १३ मध्येच आहे. ठासणीची पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी साध्या नळीची बंदूकही मिळू शकते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात. आधी ही मर्यादा ३ होती. परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षं झाली. तुमच्या परवान्याच्या कागदावर या गोष्टी नीट वाचून घ्या :

- बंदुकीचा प्रकार आणि क्रमांक. नळीवरचा क्रमांक कागदाशी जुळतो का?
- युनिक आयडी क्रमांक (यूआयएन) पडला आहे का?
- एका वेळी किती काडतुसं किंवा दारू जवळ ठेवता येते आणि वर्षाला किती विकत घेता येते.
- परवाना कोणत्या हद्दीत चालतो.
- मुदत कधी संपते. नूतनीकरणाचा अर्ज दोन-अडीच महिने आधीच टाकलेला बरा.
- तुमच्याशिवाय आणखी कुणाच्या नावाची नोंद आहे का. नोंद नसेल तर मुलगा, भाऊ, गडी यांपैकी कुणीही ती बंदूक घेऊन राखणीला जाऊ शकत नाही.

परवान्यातली अट मोडली तर कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विनापरवाना बंदूक बाळगण्याचा गुन्हा याहून बराच मोठा आहे. त्याला २ ते ५ वर्षं कैद आणि दंड आहे. मुदत संपलेल्या परवान्यावर बंदूक घरात ठेवणं म्हणजे विनापरवाना बंदूक ठेवणंच.

आणखी एक गैरसमज काढून टाका. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येणारा प्राणी आहे. तो पिकाचं नुकसान करत असला तरी मारण्यासाठी वन विभागाची लेखी परवानगी लागते. सांबर, भेकर, साळिंदर यांचा तर विषयच नको. पिकाचं नुकसान झालं तर वन विभागाला लगेच कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज करा. विभागीय वन अधिकाऱ्यांचं कार्यालय चिपळुणातच आहे. वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

घरात येण्याआधी बंदूक रिकामी करा

*बारा बोअरची असेल तर :* शेतातून निघतानाच बंदूक मोडून (उघडून) काडतुसं काढा. दुनळी असेल तर दोन्ही नळ्या बघा. डोळ्यांनी बघा, मग बोट घालून चाचपा. अंधारात नुसत्या नजरेवर विसंबू नका. काढलेली काडतुसं मोजून पिशवीत टाका. नेताना पाच नेली होती, एक उडवलं, तर परत चार आली पाहिजेत. चार भरली नाहीत तर कमी पडलेलं काडतूस कुठे आहे ते सापडेपर्यंत झोपू नका.

*ठासणीची असेल तर :* इथे खरी अडचण आहे. ठासणीची बंदूक एकदा भरली की काडतुसासारखी पटकन रिकामी होत नाही. म्हणून पुष्कळ जण नुसती केप काढतात आणि "आता काही होत नाही" म्हणून टांगून ठेवतात. पण केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नाही. दारू आणि छर्रे आत तसेच असतात. ठिणगी मिळाली तर ती आजही उडेल आणि सहा महिन्यांनीही उडेल. जुन्या घरांत भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेली बंदूक भरलेलीच निघते, ती यामुळेच.

यावर उपाय दोन. पहिला, राखणीला बसताना उगाच भरून बसू नका. वानर-डुक्कर हुसकावायला फटाके, पत्र्याचे डबे, बॅटरीचा झोत, आरोळी याने बरंच काम होतं. दुसरा, भरलीच असेल तर घराकडे निघण्याआधी शेतातच रिकामी करा. नळी मातीच्या उंच बांधाकडे धरून, पलीकडे घर, पायवाट, गुरं किंवा माणूस नाही याची खात्री करून बार काढा. दगडाकडे किंवा पाण्याकडे धरू नका, छर्रे उसळी मारतात. आभाळाकडेही धरू नका, वर गेलेलं खाली येतं.

काही कारणाने भरलेली बंदूक घरात अडकलीच, तर केप काढा आणि नळी कुणाकडेही येणार नाही अशी धरून बंदूक कुलपात ठेवा. परवानाधारक दुरुस्तीवाल्याला किंवा जाणत्या परवानाधारकाला घरी बोलवा. स्वतः खिळा, तार, ड्रिल घालून आतला बार उकरायला जाऊ नका.

गजावर खूण करा

ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी जुन्या लोकांची साधी युक्ती आहे. बंदूक नक्की रिकामी असताना ठासणीचा गज नळीत तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर कानशीने बारीक खाच पाडा. पुढे कधीही शंका आली की आधी केप काढा, तोंड आणि हात नळीच्या समोरून बाजूला ठेवून गज हळूच आत सोडा. खाच नळीच्या तोंडाशी आली तर आत काही नाही. खाच चार बोटं वर राहिली तर आत बार आहे.

या खुणेचा दुसराही उपयोग आहे. अंधारात, गडबडीत एकदा भरलेली बंदूक पुन्हा भरली जाते. असा दुहेरी बार उडवला तर नळी फुटते आणि बंदूक धरणाऱ्याचीच बोटं, डोळा जातो. खाच बघण्याची सवय असेल तर ही चूक होत नाही.

बंदूक एकीकडे, दारूगोळा दुसरीकडे, चावी तुमच्याजवळ

शस्त्राच्या परवान्याच्या अर्जासोबत तुम्ही सुरक्षित वापर आणि साठवणुकीचं हमीपत्र दिलेलं असतं. त्याचा साधा अर्थ असा, की तुमच्याशिवाय कुणाच्याही हाती ती बंदूक लागता कामा नये.

*बंदूक कुठे ठेवायची?* लोखंडी कपाटात, कुलूप लावून. कपाट भिंतीला बोल्टने पक्कं केलेलं असेल तर उत्तम. चोर पेटीच उचलून नेऊ शकतो, म्हणून नुसती पत्र्याची ट्रंक पुरत नाही. कपाट नसेल तर आतल्या खोलीत भिंतीत पक्की कडी बसवा आणि चापाच्या कड्यातून साखळी ओवून कुलूप घाला. चापाला लावायचं वेगळं कुलूपही मिळतं. दुनळीचे नळी आणि दस्ता असे दोन भाग सुटे करून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवता येतात. एक भाग हाती लागला तरी तो निरुपयोगी राहतो.

*कुठे ठेवायची नाही?* पडवीतल्या खुंटीला, दाराआड, कौलांखालच्या आढ्यावर, पलंगाखाली, गादीखाली, भाताच्या कणगीत, गोठ्यात आणि शेतातल्या खोपीत. "वर ठेवली आहे, पोरांचा हात पोचत नाही" हा समज खोटा आहे. आठ-नऊ वर्षांचं पोर खुर्चीवर स्टूल ठेवून कुठेही पोचतं.

*काडतुसं आणि दारू :* वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. एकाच कपाटात बंदूक आणि काडतुसं ठेवली तर एका चावीत दोन्ही हाती लागतात. ठासणीच्या दारूला ठिणगी आणि घर्षण दोन्ही चालत नाही. ती ज्या डब्यात विकत मिळाली त्याच डब्यात ठेवा. घट्ट झाकणाच्या लोखंडी पाइपात किंवा स्टीलच्या डब्यात भरू नका. पेटली तर अशा डब्याचाच बॉम्ब होतो. चूल, गॅस, देवघरातली समई-निरांजन, इन्व्हर्टर, विजेचा बोर्ड यांच्यापासून लांब ठेवा. केपा दारूपासूनही वेगळ्या डबीत ठेवा. दारू हाताळताना विडी-सिगारेट नको आणि कंदीलही नको.

काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत भरणं हा तर जिवाशी खेळ आहे. काडतुसातली दारू वेगळी असते, तिचा दाब ठासणीच्या जुन्या नळीला झेपत नाही. घरी दारू तयार करणं, गावठी बंदूक बनवून घेणं, डुकरासाठी गावठी बॉम्ब आणून ठेवणं हे सगळे गंभीर गुन्हे आहेत आणि त्यात हात तुटलेली माणसं कोकणात कमी नाहीत. गावठी बॉम्बला वरून पिठाचा किंवा चरबीचा वास असतो. गुरं, कुत्री आणि लहान मुलंही त्याला फसतात.

*चावी :* देवघरातल्या खिळ्यावर, टीव्हीच्या मागे, कपाटाच्या वर या जागा सगळ्या घराला माहीत असतात. चावी परवानाधारकाच्या कमरेला किंवा त्याच्याच खिशात हवी. दुसरी चावी घरात लपवण्यापेक्षा दुसऱ्या कुलपात बंद ठेवा.

घरातल्या बाईला माहीत हवं

बहुतेक घरांत परवाना पुरुषाच्या नावावर असतो आणि बायकोला, आईला, सुनेला बंदुकीबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. "तुला काय करायचंय" म्हणून विषय संपतो. मग माणूस अचानक आजारी पडला किंवा वारला, तर घरात एक बंदूक आहे आणि ती भरलेली आहे की रिकामी हे कुणालाच ठाऊक नाही, अशी वेळ येते.

घरातल्या मोठ्या माणसांपैकी किमान एकाला एवढं माहीत असू द्या : बंदूक कुठे आहे, परवान्याचा कागद कुठे आहे, मुदत कधी संपते आणि काही झालं तर कोणत्या पोलीस ठाण्याला फोन करायचा. बंदूक हाताळायला शिकवण्याची गरज नाही. हात न लावता कुणाला बोलवायचं हे कळलं की पुरे.

परवानाधारक वारल्यावर बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती लवकरात लवकर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. त्यानंतर वारसाने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा. परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. वडिलांनी हे वेळेत केलं तर मुलांची पुढची धावपळ वाचते. जुनं घर पाडताना आढ्यावर एखादी बेवारस बंदूक सापडली, तर ती हलवू नका, फोटो काढत बसू नका, थेट पोलिसांना कळवा.

मुलं आणि पाहुणे

लहान मुलाला "हात लावू नकोस" एवढंच सांगून भागत नाही. त्याने कुतूहल वाढतं. मुलांना चार वाक्यं पाठ करून द्या : बंदूक दिसली तर थांबायचं, हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. शेजारच्या घरी, मामाच्या गावी, मित्राच्या वाडीत दिसली तरी हेच करायचं. पण मुलांना शिकवलं म्हणून कुलूप सैल सोडू नका. कुलपाची जबाबदारी मोठ्यांचीच.

चाकरमानी पाहुणे आले की "काढा ना काका, बघू तर" हा आग्रह ठरलेला. शक्य असेल तर नाही म्हणा. दाखवायचीच असेल तर आधी एकट्याने आत जाऊन बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, दारूगोळा कुलपातच राहू द्या आणि बंदूक आपल्या हातातून सोडू नका. २१ वर्षांखालच्या कुणाच्या हातात ती देऊ नका. बंदूक हातात घेऊन रील, स्टेटस, फोटो नको. एकतर पोलीस कारवाई होते, आणि दुसरं म्हणजे कुणाच्या घरात बंदूक आहे हे चोराला घरबसल्या कळतं.

लग्नात, वरातीत, शिमग्यात, निवडणूक जिंकल्यावर हवेत बार काढण्याची हौस महागात पडते. २०१९ च्या दुरुस्तीने निष्काळजीपणे असा गोळीबार करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत.

घरात कुणी खचलेलं असेल तर

यावर आपल्याकडे मोकळेपणाने बोललं जात नाही, पण बोलायला हवं. घरात कुणी कर्जाने, आजाराने, भांडणाने किंवा नापास झाल्याने फार खचलेलं असेल, कुणाचं दारूचं व्यसन वाढलं असेल, घरात जागेच्या वाटणीवरून हाणामारीपर्यंत वेळ आली असेल, तर बंदूक काही दिवस घराबाहेर ठेवणं हेच शहाणपण. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती सुरक्षित ठेवण्यासाठी जमा करता येते. यात कमीपणा काही नाही. वाईट वेळ बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हत्यार हाताशी नसलं की माणूस वाचतो. बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, दिवसरात्र आणि मोफत.

पावसाळा आणि पूर

कोकणातली हवा बंदुकीची वैरीण आहे. पावसाळ्यात चार महिने दमट हवेत लोखंडाला गंज धरतो. बंदूक कापडी किंवा चामडी गवसणीत घालून महिनोन्महिने ठेवू नका. गवसणी ओल धरते आणि आतून नळी खाते. गवसणी फक्त नेण्या-आणण्यासाठी. घरात बंदूक उघडी, तेलाचा हलका हात देऊन, कोरड्या कपाटात ठेवा. ठासणीच्या दारूची राख ओल ओढते, म्हणून वापरल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नळी धुऊन, पुसून, कोरडी करून तेल लावा. पावसाआधी, श्रावणात आणि दसऱ्याला एकदा नीट साफसफाई करा. दसऱ्याला शस्त्रपूजा करतानाही बंदूक रिकामी आहे हे आधी बघा. गंजलेली, चीर पडलेली किंवा तोंडाशी फुगलेली नळी कधीही वापरू नका.

पुराची गोष्ट चिपळूणकरांना वेगळी सांगायला नको. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१, दोन्ही वेळा वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. २०२१ ला तर बाजारपेठ आणि खेर्डी परिसरात तळमजले बुडाले. नदीकाठी घर असेल तर बंदुकीचं कपाट वरच्या मजल्यावरच हवं. परवान्याची प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्रत आणि मोबाइलमध्ये तिचा फोटो ठेवा. पाणी चढायला लागलं तर आधी माणसं हलवा, बंदुकीसाठी मागे फिरू नका.

पूर ओसरल्यावर :

- बंदूक वाहून गेली किंवा सापडत नसेल तर लगेच पोलीस ठाण्यात तक्रार द्या. परवानाधारकावर हे बंधनकारक आहे.
- भिजलेली काडतुसं आणि दारू वापरू नका. चुलीजवळ, उन्हात किंवा गॅसवर वाळवू नका. पोलिसांना किंवा विक्रेत्याला विचारून जमा करा.
- नळीत गाळ बसलेला असताना बार काढू नका. नळी फुटते. आधी दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घ्या.

राखणीला जाताना, येताना

कोकणात सोबत्याच्याच गोळीने जखमी झाल्याच्या, माणसाला जनावर समजून बार काढल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यातल्या बऱ्याच टळू शकतात.

- बंदूक रिकामी आहे हे माहीत असलं तरी ती भरलेली आहे असं समजूनच धरा. नळी माणसाकडे करू नका.
- चापावर बोट फक्त बार काढतानाच.
- गडगा, वई, पऱ्या ओलांडताना, माचाणावर चढताना-उतरताना बंदूक रिकामी करा. नळीला धरून बंदूक ओढू नका. आपल्याच लोकांच्या अंगात छर्रे घुसतात ते इथे.
- गवत हललं म्हणून बार काढू नका. जनावर पूर्ण दिसल्याशिवाय आणि त्यामागे काय आहे हे कळल्याशिवाय बंदूक उचलू नका. शेजारच्या शेतात आज कोण राखणीला आहे, फोनवर आधी विचारा.
- चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर लगेच नळीत बघू नका. नळी बांधाकडे धरून किमान २ मिनिटं थांबा. बार उशिरा उडू शकतो.
- दारू पिऊन बंदुकीला हात नाही. थोडी घेतली असेल तरी नाही.
- रस्त्याने, दुचाकीवर, एसटीत नेताना बंदूक रिकामी आणि पिशवीत घातलेली हवी. उघडी बंदूक खांद्याला लावून बाजारातून फिरणं नियमाविरुद्ध आहे. परवाना सोबत ठेवा.

निवडणुकीत बंदूक जमा करताना

आचारसंहिता लागली की परवानाधारकांना बंदुका जमा करण्याच्या नोटिसा येतात. कुणाची बंदूक जमा करायची हे छाननी समिती ठरवते, तिच्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक असतात. भात पिकायच्या वेळी निवडणूक आली तर राखणीची पंचाईत होते, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. तुमची खरी गरज असेल तर नोटीस आल्यावर सातबारा, नुकसानीचे पंचनामे जोडून लेखी अर्ज द्या. निर्णय होईपर्यंत नोटीस पाळायची, ती दडपून बंदूक घरात ठेवायची नाही. जमा करताना बंदूक रिकामी करूनच न्या, क्रमांकासह पावती घ्या आणि परत मिळाल्यावर तीच बंदूक आहे ना, हे क्रमांक पाहून घ्या.

अपघात झालाच तर

१. बंदूक बाजूला, सुरक्षित जागी ठेवा. दुसरा बार उडता कामा नये.
२. १०८ ला फोन करा, लगेच. रुग्णवाहिकेला वेळ लागत असेल तर मिळेल त्या गाडीने न्या. तालुक्यात कामथे उपजिल्हा रुग्णालय आणि डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे.
३. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा, पहिलं काढू नका.
४. छर्रे उकरून काढू नका. हळद, चुना, कॉफी पावडर भरू नका. पाणी, चहा, खायला काही देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते.
५. डॉक्टरांना खरं सांगा. "पडला, काटा लागला" असं सांगितलं तर उपचार चुकतात. गोळीच्या जखमेची माहिती रुग्णालय पोलिसांना देतंच.
६. पोलिसांना ११२ वर किंवा आपल्या पोलीस ठाण्यात कळवा. जागा धुऊन काढू नका, बंदूक लपवू नका. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लपवालपवीने गुन्हा वाढतो, कमी होत नाही.

आज रात्री घरात हे एवढं तपासा

- बंदूक रिकामी आहे का? ठासणीची असेल तर गजाच्या खाचेने बघितलंत का?
- बंदूक कुलपात आहे का?
- काडतुसं, दारू, केपा दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात आहेत का?
- चावी कुणाजवळ आहे?
- परवान्याची मुदत कधी संपते?
- घरात आणखी एकाला कागदपत्रं आणि फोन नंबर माहीत आहेत का?

यातल्या एखाद्या प्रश्नाला "नाही" किंवा "माहीत नाही" असं उत्तर आलं, तर उद्यावर टाकू नका. ही यादी वाडीतल्या ग्रुपवर पाठवा. ज्याच्या घरी बंदूक आहे त्याला उपयोगी पडेल आणि ज्याची मुलं त्या घरी खेळायला जातात त्यालाही.

(वरील माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या परवान्यावर लिहिलेल्या अटी बंधनकारक आहेत. शंका असल्यास जिल्हाधिकारी कार्यालयाची शस्त्र परवाना शाखा किंवा आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा.)